डावा सुळा

ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

पत्र बघून छातीत धस्स करून घेऊ नकोस, सगळे जिवंत आहेत. दुकानात फोन आहे खरा, पण तो काकांच्या कोपराशी. ज्याच्याबद्दल बोलायचं तोच शेजारी बसून ऐकणार असेल तर मजा काय राहिली? म्हणून पत्र.

इथे शाळेची चाळीस बाकं पॉलिशला आलीत. दिवसभर पॉलिश पेपर घेऊन घासतोय. आता मी शिंकलो तरी त्यातून एखादं स्टूल निघेल एवढा भुसा नाकात गेलाय. काका नेहमीसारखेच, फक्त त्यांचे दात लांब व्हायला लागलेत. खरंच सांगतो. मी त्यांना म्हटलं, छप्पन्नाव्या वर्षी माणसं आक्रसतात, तुम्ही एकटेच वाढताय. परवा त्यांच्या पाण्याच्या ग्लासात गुपचूप बर्फ टाकला. त्यांनी घोट घेतला आणि डावा गाल धरून डोळे मिटून उभेच राहिले. हातातल्या बोळ्यावरचं पॉलिश वाळून गेलं तरी हलेनात. मी हसत होतो, पण मग बंद केलं, कारण त्यांनी मला एकही शिवी दिली नाही. तुला माहीतच आहे, काका शिवी देत नाहीत म्हणजे काहीतरी बिनसलंय.

मागच्या रविवारी समोरच्या शाळेत दात तपासायचं फुकट शिबिर होतं. काका गेले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीबिठ्ठी दिली काहीतरी.

तू दातांच्या दवाखान्यात कामाला आहेस म्हणून सहज विचारतो. दात असे लांब व्हायला लागले की ते आपोआप गळतात का? म्हणजे सगळेच? तीन महिन्यांत वगैरे? सहज विचारतोय.

लोभ वाढता ठेव, काकांच्या दातांसारखा.

तुझा,
भुंग्या


ता. ७ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. आ.

चार ओळींत दोनदा ‘सहज’ लिहिलंस. शिंप्याच्या दुकानाची काच फुटली तेव्हाही तुझा चेंडू सहजच गेला होता, म्हणून मी हे पत्र दोनदा वाचलं.

दात वाढत नाहीत रे. हिरडी मागे सरकते आणि मुळाचा झाकलेला भाग उघडा पडतो, म्हणून दात लांब दिसतो. मुळावर वरच्यासारखं टणक कवच नसतं, त्यामुळे थंड लागलं की कळ थेट डोक्यात जाते. तुझा बर्फ तिथेच पोचला. हिरडी सरकायची कारणं बरीच. दातांवर खाली कीट साचून हिरडी सुजते, कुणी तंबाखू खातं, कुणी झोपेत दात आवळतं, कुणाच्या घराण्यातच हिरडी पातळ असते. आणि कुणी ब्रश असा चालवतं की विचारू नकोस.

आता मला नीट कळव. थुंकीत रक्त येतं का? ब्रश कसला आहे? दात हलतात का? दोन्ही बाजू सारख्या आहेत का एकच जास्त? आणि शिबिरातल्या चिठ्ठीत काय लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवून पाठव. तीन महिन्यांत सगळे दात गळतील असं कुठलाही डॉक्टर सांगणार नाही. हे तुझ्या डोक्यात आलं कुठून?

काकांना बर्फ पाजू नकोस. माया आहे म्हणून रागावते, एवढं लक्षात असू दे.

तुझी,
ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझे प्रश्न म्हणजे पोलीस चौकीच. घे उत्तरं.

ब्रश दुकानातला सगळ्यात कडक. दुकानदाराला सांगून मागवतात. दहा दिवसांत त्याचे केस चारी बाजूंना झोपतात, मग नवा. सकाळी मागच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहतात आणि डावी-उजवी, डावी-उजवी, दहा मिनिटं मोजून. कपाटाचं दार घासताना पाठ जशी हलते तशीच हलते. डोळे मिटून आवाज ऐकलास तर दात चाललेत का सागवान, सांगता येणार नाही. त्यांचं म्हणणं, घासल्याशिवाय काही चमकत नाही. थुंकी गुलाबी असते. म्हणतात पेस्टचा रंग. पेस्ट पांढरी आहे. डावी बाजू जास्त लांब झालीय, वरचा डावा सुळा तर दाराच्या कडीसारखा खाली आलाय. पण दात हलत नाहीत, अजून सुतळी दातानेच तोडतात. तंबाखू नाही.

चिठ्ठी काकांच्या सदऱ्याच्या खिशात असते. मधूनच काढतात, वाचतात, चौघडी करून परत ठेवतात. दाखवत कुणालाच नाहीत.

ताई, खरी गोष्ट पुढे आहे. बाजारात तो दात काढणारा बसतो ना, ज्याने पाटीवर स्वतःच स्वतःला डॉक्टर करून घेतलंय, त्याच्याकडे काका मंगळवारी जाणार आहेत. सगळे दात काढून टाकायचे आणि कवळी बसवायची. दर मंगळवारी थोडे थोडे. त्यांचं गणित असं, की गिऱ्हाइकाशी बोलताना एकेक दात टेबलावर पडायला लागला तर तोंड कुठे लपवायचं, त्यापेक्षा आपणच काढलेले बरे. जुनं पॉलिश ठिगळं लावून टिकत नाही, सगळं खरवडून नवं करावं लागतं, असं म्हणाले. छप्पन्न वर्षं बत्तीसच्या बत्तीस सांभाळले, आता निरोप देऊ. मी म्हटलं कवळी सागवानी रंगाची घ्या, दुकानाला शोभेल. ते हसले.

मला बसवत नाही, उभं राहवत नाही. एकाच बाकाचा एकच पाय तीनदा घासला. दोन दिवसांत कुणाचीही खोडी काढली नाही म्हणून शेजारचा शिंपी विचारायला आला की ताप आहे का. तूच त्यांना काहीतरी लिही. उत्तर लगेच टाक.

लोभ राहू दे, पुढे काहीही कळलं तरी.

भुंग्या


ता. १४ फेब्रुवारी

चि. भुंग्यास,
अ. आ.

आत्ता पत्र मिळालं, उभ्याउभ्याच लिहितेय. दुकानाचा फोन सकाळपासून बंद लागतोय.

काकांना जाऊ देऊ नकोस. न हलणारा दात हिरडी सरकली म्हणून कुणी काढत नाही. मी आमच्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं, त्या हिरड्यांच्याच डॉक्टर आहेत. उजव्या हाताने जोरात घासणाऱ्याची डावी बाजू आधी जाते, कारण हाताचा सगळा भार तिकडे पडतो, असं त्या म्हणाल्या. त्यातही सुळा सगळ्यात पुढे आलेला, म्हणून तो पहिला. काकांचं सगळं जुळतंय. हे आटोक्यात येणारं दुखणं आहे. त्यांना इकडे पाठव.

आणि एक. महिनाअखेरच्या कार्डात काकांनी लिहिलं होतं की शिबिरात गर्दी होती म्हणून संध्याकाळी चिठ्ठी आणायला भुंग्याला धाडलं. म्हणजे चिठ्ठीत काय आहे ते तुला माहीत आहे. मंगळवारच्या आत जे काही तोंडात धरून बसला आहेस ते काकांसमोर बोल.

आशीर्वाद आहेतच, पण घाई कर.

ताई


ता. १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

तुझं पत्र आज आलं. मंगळवार काल झाला.

चिठ्ठी मी लिहिली. आता सगळं सांगतो, मध्ये थांबलो तर परत सुरू करता येणार नाही. खरी चिठ्ठी मी आणली होती. त्यात तुझ्याच गोष्टी होत्या, फार जोर लावून घासल्याने हिरड्या सरकल्यात, मऊ ब्रश वापरा, साफ करून घ्या, हिरड्यांच्या डॉक्टरांना दाखवा. टेबलावर त्याच छापील पॅडचा एक कोरा कागद पडला होता. मला राहवलं नाही. डाव्या हाताने लिहिलं, म्हणजे डॉक्टरी अक्षर वाटेल. लिहिलं की सर्व दात तीन महिन्यांत आपोआप गळतील, इलाज नाही, कवळीची तयारी ठेवावी. मला वाटलं काका ओरडतील, मी पोट धरून हसेन, मग खिशातून खरी काढीन. संपलं.

ते ओरडलेच नाहीत. वाचली, घडी केली आणि मला म्हणाले की पॉलिशचा डबा जवळ सरकव. मला हसायला जागाच मिळाली नाही. उद्या सांगू म्हटलं. खरी चिठ्ठी पँटच्या खिशात राहिली आणि पँट धुवायला गेली, तिचा लगदा झाला. मग रोज सांगणं एक पायरी वर चढत गेलं.

काल मी त्यांच्याबरोबर गेलो. ते खुर्चीत बसले, खुर्चीचं पॉलिश किती वाईट आहे ते त्या माणसाला सांगितलं आणि तोंड उघडलं. तेव्हा मी बोललो. सगळं, त्याच्यासमोर. काका हसले. त्याला म्हणाले, हा पोरगा म्हणजे चालतंबोलतं बंडल आहे. मागच्या महिन्यात याने सांगितलं की सगळी दुकानं हिरवी रंगवायचा हुकूम निघालाय, मी रंगाचा डबा विकत घेऊन बसलो होतो. आता रक्ताला घाबरलाय म्हणून ही नवी गोष्ट रचतोय. मी शपथ घेतली. हिरव्या रंगाच्या वेळीही घेतली होती.

सुळा अर्धा तास निघत नव्हता. त्या माणसाने खुर्चीच्या हातावर गुडघा टेकवून जोर लावला. निघाला तेव्हा मूळ एवढं लांब, स्वच्छ, कुठे कीड नाही. तो माणूससुद्धा बघत राहिला. काकांनी दात कागदात बांधून घरी आणला. पुढच्या मंगळवारी आणखी तीन.

तेव्हापासून मी चार वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी ते माझ्या डोक्यावर हात फिरवतात. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

तुझ्या लोभाबद्दल आज काही मागत नाही.

भुंग्या


ता. १८ फेब्रुवारी

भुंग्यास,

आशीर्वाद लिहिते, कारण हाताला सवय आहे.

तुझ्याबद्दल मला आत्ता काही बोलायचं नाही. ते नंतर. आधी उरलेले एकतीस दात.

मी लिहिलं तरी काका म्हणतील की तूच मला लिहायला लावलंस. काल कसाबसा फोन लागला, तर मी तोंड उघडायच्या आत त्यांनी हेच ऐकवलं आणि ठेवून दिला. माणसांच्या बोलण्यावर आता त्यांचा भरवसा नाही, आणि तो तू घालवला आहेस. पण मी त्यांना वीस वर्षं बघतेय. ते एकाच गोष्टीवर शंका घेत नाहीत, ती म्हणजे लाकूड. जिभेने काम होणार नसेल तर हाताने कर. कसं ते मला माहीत नाही. खोड्या काढायला डोकं चालतं ना, तेच चालव.

बुधवारी संध्याकाळी मी इथल्या स्टँडवर उभी राहीन. काका बसमधून उतरले पाहिजेत.

ताई


ता. २२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न.

उद्याच्या गाडीत काका आहेत. पत्र त्यांच्याच हाती देतोय, चिकटवून, उघडणार नाहीत. आता ऐक.

आज सकाळी ते बाजारातल्या त्या माणसाकडे निघायच्या तयारीत होते. मी कपाटाच्या दाराचा एक उरलेला तुकडा काढला, त्यांनी स्वतः पॉलिश केलेला, आणि त्यांचाच नवा कडक ब्रश. म्हटलं पैज लावा, दात घासायच्या ब्रशने पॉलिश जाईल का? ते म्हणाले मूर्ख आहेस, एवढ्याशा ब्रशने काय होतंय. मी ब्रश ओला केला, पेस्ट लावली आणि म्हटलं रोज घासता तसंच घासा, कडेवर, कमी-जास्त नको. पैज म्हटल्यावर ते थांबतात थोडेच. पायरीवर पाय ठेवला आणि सुरू केलं. दहा मिनिटं. मी घड्याळ धरून उभा. पॉलिश गेलं नाही तर माझ्याकडे दुसरं काहीच नव्हतं.

मी पाणी ओतून पेस्ट धुतली. तुकड्याचं पोट चकचकीत होतं. कडेची मात्र लाल झाक निघून गेली होती आणि खालचं पांढरं लाकूड उघडं पडलं होतं, बोटभर लांब. काकांनी त्यावर अंगठा फिरवला. एकदा, मग परत उलटा. गालाच्या आत त्यांची जीभ काढलेल्या सुळ्याच्या खड्ड्याकडे गेली, ते मला बाहेरून दिसलं.

मग ते म्हणाले, “कडेवर हात हलका ठेवायचा असतो.”

हे वाक्य मी चार वर्षं ऐकतोय, पाठीवर धपाट्यासकट. पण आज ते मला नव्हतं. ते पायरीवर बसले. मला म्हणाले की बाजारात जाऊन सांग, आम्ही येत नाही, आणि ताईकडे जायची उद्याची गाडी बघून ये. मी असा पळालो की शिंप्याची खुर्ची आडवी झाली.

माझेही दात मी आरशात बघितले. घासायला त्यांनीच शिकवलंय, त्यामुळे डावीकडे माझंही मूळ जरा उघडं पडायला लागलंय. मऊ ब्रश आणला.

चिठ्ठीचं त्यांनी काही विचारलं नाही. मीही काढलं नाही. काकांना सांभाळ, आणि जमलंच तर थोडा लोभ माझ्या नावाने बाजूला काढून ठेव.

भुंग्या


ता. ६ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईकडे मी मजेत आहे. बाकं वेळेवर पोचती कर, शाळेच्या शिपायाला चुना लावू नकोस.

इथे दोन बैठकांत माझे दात साफ केले. हिरडीखाली बारीक हत्यार घालून वर्षानुवर्षांचं कीट खरवडलं. नक्षीच्या फटीतलं जुनं रोगण काढतात तसंच काम, डॉक्टरीणबाईंचा हात चांगला आहे. तोंड बधिर करतात, दुखत नाही, फक्त नंतर चहा शर्टावर सांडतो. काल खालच्या डाव्या सुळ्याला जोड लावला. टाळूची पातळ कातडी काढून हिरडीच्या जागी शिवली. मी विचारलं रंग जुळेल का, बाई म्हणाल्या, जुळेल. सगळं मूळ झाकलं जाईलच असं नाही, आणि बाकीच्या दातांची गेलेली हिरडी परत उगवत नाही. आहे ती टिकवायची. मऊ ब्रश दिलाय, तीन बोटांत धरून हळू गोल फिरवायचा. मला तर दाताला पावडर लावतोय असं वाटतं. वरच्या खड्ड्याचं तीन महिन्यांनी बघणार आहेत.

बाईंनी विचारलं की इतका चांगला सुळा काढला कशाला. मी म्हटलं, माझीच घाई. पण शिबिरातल्या त्या डॉक्टरांनी चिठ्ठीत असं लिहायला नको होतं. तरुण आहेत, दिवसभर दोनशे तोंडं बघून दमले असतील. परत आलो की त्यांच्या दवाखान्यात जाऊन चार शब्द ऐकवणार आहे, म्हणजे दुसऱ्या कुणाचं असं व्हायला नको.

आणि तुला सांगायचं म्हणजे, त्या दिवशी मी तुला हसलो. माझे दात वाचावेत म्हणून परक्या माणसासमोर तू न केलेला गुन्हा अंगावर घेतलास, शपथा घेतल्यास. इतकं कोण कुणासाठी करतं? तुला आम्ही फक्त उडाणटप्पू समजत आलो. हे मी ताईलाही म्हणतो, तर ती उठून स्वयंपाकघरात जाते.

माझा लोभ तुझ्यावर आधी होता त्याहून जास्त आहे.

तुझा,
काका


ता. ९ मार्च

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दुकानात कुठे ठेवावं तेच कळेना. गल्ल्यात ठेवलं, काढलं. फळीवर ठेवलं, काढलं. खिशात ठेवलं तर कामच होईना. शेवटी लिहायला बसलो.

मी तुम्हाला वाचवायला खोटं बोललो नव्हतो. ते माझ्या आयुष्यातलं पहिलं खरं होतं आणि ते तुम्ही खोटं म्हणून पास केलंत. गप्प बसलो असतो तर मी कायमचा शहाणा ठरलो असतो. एक दिवस तसं बसूनही पाहिलं. पण तुम्ही त्या डॉक्टरांना ऐकवायला जाणार, आणि ते बिचारे कपाळाला हात लावून आठवत बसणार की मी असं कधी लिहिलं.

तुमच्या खिशातली चिठ्ठी काढा आणि हा खालचा मजकूर तिच्या शेजारी ठेवा. आत्ताच डाव्या हाताने लिहितोय.

सर्व दात तीन महिन्यांत आपोआप गळतील. इलाज नाही. कवळीची तयारी ठेवावी.

ओळ तशीच उजवीकडे घसरत जाते, बघा. आता शपथ घेत नाही.

काल मी डॉक्टरांकडे जाऊन त्यांनाही सांगून आलो. ते हसले नाहीत. त्यांनी वहीत तुमचा नंबर काढून काय लिहिलं होतं ते वाचून दाखवलं, आणि विचारलं की किती दात गेले. मी एक म्हटलं. त्यांनी परत विचारलं की कुठला. मी स्वतःच्याच सुळ्यावर बोट ठेवून दाखवला.

बाकं पोचवली. पावती फळीवर आहे. लोभाचं तुम्ही ठरवा, मी मागायच्या लायकीचा नाही.

तुमचा,
भुंग्या


ता. १२ मार्च

चि. भुंग्यास,
अ. आ.

पत्र मिळालं. ताईने चष्मा आणून दिला. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिले.

एकतीस दात आहेत. यापुढे त्यातला एकही तुझ्या थट्टेला मिळणार नाही.

बुधवारी दुपारच्या गाडीने येतोय. स्टँडवर ये, पेटी जड आहे. टाके निघायला अजून आठ दिवस आहेत, ते त्या शिबिरातल्या डॉक्टरांकडेच काढायचे आणि तू माझ्याबरोबर यायचंस. तोवर मला फारसं बोलायचं नाही असं बाईंनी बजावलंय, जबडा हलला तर जोड सुटतो. तू रोज माझ्यासमोर बसून काम करायचंस.

नवव्या दिवशी बोलू. लोभ किती उरलाय ते तेव्हा सांगेन.

काका